गोळी सुटत नसते!

मी मॅट्रिकपुढे शिकलेला नाही. बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या एका गावात मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने बंदुकीवर लेखणी उचलावी हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. ज्याने जन्मात गोफणीपलीकडे हत्यार हाती धरले नाही, त्याने पोलिसांना बंदूक कशी धरावी हे शिकवायचे म्हणजे अतिप्रसंगच. परंतु माझे भांडण बंदुकीशी नाही. ते एका क्रियापदाशी आहे आणि क्रियापद हा माझा प्रांत आहे. तिथे मी कोणा फौजदाराची परवानगी मागणार नाही.

ते क्रियापद म्हणजे ‘सुटणे’.

‘बंदूक साफ करताना गोळी सुटून शिपाई जखमी.’ ‘पिस्तुलातून अचानक गोळी सुटली.’ अशा तऱ्हेच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. मी सातवीच्या वर्गात प्रयोग शिकवतो, म्हणून माझे पान लवकर उलटत नाही. ‘शिपायाने गोळी झाडली’ हे वाक्य घ्या. कर्ता कोण? शिपाई. त्याने काय केले ते स्पष्ट आहे. आता ‘शिपायाच्या हातून गोळी सुटली’ हे वाक्य घ्या. कर्ता कोण? गोळी! शिपाई बिचारा षष्ठीत जाऊन बसला, त्याचा हात पंचमीत गेला आणि सारी करणी त्या तोळाभर शिशाच्या माथी आली. गाय जशी दाव्यातून सुटते, पोर जसे शाळेतून सुटते, तशी गोळी बंदुकीतून सुटली. जणू ती आत बसून कंटाळली होती!

हे क्रियापद खोटे बोलते, असे माझे म्हणणे आहे. आणि हे खोटे निरुपद्रवी नाही. त्यामुळे माणसे मरतात.

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलिसांचा ‘रेझिंग डे’ साजरा होतो. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान केला, त्या दिवसाची ही आठवण. त्या निमित्ताने शाळेतल्या मुलांना ठाण्यात नेऊन तिथले कामकाज आणि हत्यारे दाखवतात. उपक्रम चांगला आहे. पोलिसाची भीती मोडावी आणि ओळख वाढावी, हे कोणाला नको आहे? काही वर्षांपूर्वी मीही सातवीची मुले घेऊन एका ठाण्यात गेलो. कोणत्या ते सांगणार नाही, कारण त्या ठाण्याशी माझे वैर नाही आणि ज्या शिपायाने आमचे स्वागत केले त्याच्याशी तर मुळीच नाही. उमदा गडी होता. त्याने मुलांना बिनतारी यंत्र दाखवले, बेड्या दाखवल्या, एका द्वाड पोराच्या हातात त्या अडकवून सगळ्यांना हसवले. मग त्याने टेबलावरचे पिस्तूल उचलले, दस्त्यातून मॅगझीन काढून बाजूला ठेवले, ‘आता हे रिकामं झालं’ म्हणाला आणि नळी मुलांच्या रांगेवरून फिरवीत चाप कसा ओढतात ते दाखवू लागला.

पहिल्या ओळीतला एक मुलगा उठला. ‘साहेब, आत बघितलं का?’

‘अरे, मॅगझीन काढलं ना!’

‘पण आत बघितलं का?’

शिपाई थबकला. त्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला. आत काही नव्हते. सगळे हसले, मुलगा ओशाळून खाली बसला. परत येताना मी त्याला विचारले, हे तुला कसे सुचले? तो म्हणाला, ‘गुरुजी, माझा बाप विहिरीवर सुरुंगाच्या कामाला असतो. न उडालेल्या सुरुंगाला तो कधी मेलेला म्हणत नाही.’

त्या मुलाने जे विचारले ते विचारण्याचे काम माझे होते. मी चाळिशी उलटलेला मास्तर पाहुणचाराच्या भिडेने गप्प उभा राहिलो होतो. हा लेख म्हणजे त्या गप्प राहण्याचे प्रायश्चित्त समजा.

त्या पोराला जे ठाऊक होते ते नीट समजून घेऊ. पिस्तुलात काडतुसे दोन ठिकाणी असू शकतात. दस्त्यातल्या मॅगझीनमध्ये, आणि नळीच्या मागच्या बाजूला जी कोठी असते तिच्यात. मॅगझीन काढले की तिथली सारी काडतुसे बाहेर आली. पण कोठीत चढलेले एक तसेच आत राहते. आणि माणसाला मारायला एक पुरते. म्हणून हत्यार रिकामे करण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझीन काढायचे, मग वरचा भाग मागे खेचून कोठीतले काडतूस बाहेर पाडायचे, मग कोठीत डोळ्यांनी पाहायचे आणि अंधार असेल तर बोटाने चाचपायचे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी खेचले आणि मॅगझीन नंतर काढले, तर पहिले काडतूस बाहेर पडते खरे. पण त्याच झटक्यात मॅगझीनमधले दुसरे कोठीत चढते. करणाऱ्याला वाटते आपण रिकामे केले. वास्तविक त्याने भरलेले असते. अशा पिस्तुलाचा चाप ‘पाहू या’ म्हणून ओढला आणि धडाका झाला, की दुसऱ्या दिवशी छापून येते : गोळी सुटली.

कुठे सुटली? बोट चापावर होते, नळी कोणाच्या तरी दिशेने होती आणि कोठीत कोणी पाहिले नव्हते. तीन कर्मे झाली आणि तिन्ही माणसाने केली. गोळीने काहीच केले नाही. ती फक्त गेली.

अलीकडे याहून विद्वान शब्द आला आहे : ‘मिसफायर’. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरातील गोळी लागली, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत ‘मिसफायर’चा सुकाळ झाला. या शब्दाचा खरा अर्थ नेमका उलटा आहे. चाप ओढूनही काडतूस न उडणे याला मिसफायर म्हणतात. आपल्याकडे त्याला फुसका बार म्हणतात. जिथे बार उडाला, रक्त सांडले, तिथे ‘बार फुसका गेला’ असे आपण छापतो! भाषेचा असा खून झाला की माणसाचा खून अपघात ठरायला वेळ लागत नाही. ब्रिटिश सैन्याने याबाबतीत प्रामाणिकपणा दाखवला आहे. तिथे अशा गोळीला ‘निष्काळजीपणाने उडवलेली गोळी’ असेच नाव आहे आणि ती उडवणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो. नावातच कर्ता आला.

कोणी म्हणेल, मास्तर, फार ताणता. पोलीस ठाण्यात रोज का गोळ्या उडतात? रोज उडत नाहीत. परंतु एकदा उडते तेव्हा काय होते ते पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात अलीगढच्या एका ठाण्यात एक प्रौढ बाई पासपोर्टच्या पडताळणीसाठी आली होती. यात्रेला जायचे होते तिला. ती टेबलापाशी उभी असताना ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने पिस्तूल आणून अधिकाऱ्याच्या हाती दिले. त्याने ते हाताळले आणि गोळी तिच्या डोक्यात गेली. काही दिवसांनी ती वारली. ठाण्यातल्या कॅमेऱ्याने हे सारे टिपले आणि देशाने पाहिले. ज्याने पिस्तूल दिले त्याने रिकामे करून दाखवले नाही. ज्याने घेतले त्याने उघडून पाहिले नाही. देणाऱ्याने व घेणाऱ्याने मिळून जे दोन श्वासांचे काम करायचे ते केले असते, तर ती बाई यात्रेला गेली असती.

त्याच प्रांतात संत कबीर नगर जिल्ह्यात, त्याआधीच्या वर्षी, वरिष्ठांच्या तपासणीत एका फौजदाराला बंदूक भरायला सांगितली, तर त्याने गोळी नळीच्या तोंडातून आत घातली. ते चित्रण पाहून आपण पोट धरून हसलो. मला विचाराल तर ते हसण्यासारखे नव्हते. त्या माणसाच्या कमरेला सरकारने पिस्तूल दिले होते. त्याला ते शिकवले नव्हते, किंवा शिकवलेले तो विसरला तरी कोणी पाहिले नव्हते.

उत्तर प्रदेश लांब आहे असे समजून बारामती-इंदापूरकरांनी सुस्कारा सोडू नये. आपल्या दोन तालुक्यांत हत्यारे किती हातांतून फिरतात ते मोजा. निवडणूक आली की परवानाधारकांची हत्यारे ठाण्यात जमा होतात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा मिळून हा सोहळा दोनदा झाला. कोणी बागायतदार बारा बोअरची जुनी दुनळी आणतो, कोणी कारखानदार परदेशी पिस्तूल आणतो, कोणी आजोबाच्या वेळचे रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून आणतो. प्रत्येकाचा खटका निराळा, उघडण्याची तऱ्हा निराळी. कित्येक मालकांनाच ते धड उघडता येत नाही. आणि ठाणे अंमलदाराने हे सारे एका टेबलावर घेऊन, पावती लिहीत, शेजारी तक्रार घेऊन आलेल्या बायामाणसांच्या देखत रिकामे आहे की नाही ते ठरवायचे. यात मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येणाऱ्या गावठी कट्ट्यांची भर घाला. तो कट्टा ज्या लोहाराने घडवला त्याने खटक्याची पर्वा केलेली नसते; तो जप्त करून मुद्देमालाच्या कपाटात ठेवणाऱ्याने ती करायची असते.

आणि आषाढात? तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरमार्गे इंदापूरकडे येते. बेलवाडीला रिंगण, इंदापूरला रिंगण. पताका, टाळ, मृदंग आणि तीळ ठेवायला जागा नाही अशी गर्दी. त्या गर्दीच्या कडेला बंदोबस्ताचा शिपाई रायफल खांद्याला लावून सकाळपासून उभा असतो. थ्री नॉट थ्रीची गोळी मैलभर जाऊनही माणूस मारू शकते. तिथे एक चाप चुकला तर ती कोणाच्या टाळेतून कोणाच्या छातीत जाईल हे विठ्ठलालाच ठाऊक. आजवर काही झाले नाही, असे म्हणणाऱ्याला मी विचारतो, हे ‘काही झाले नाही’ कोणाच्या भरवशावर? शिपायाच्या शिस्तीच्या, की विठ्ठलाच्या?

महाराष्ट्राला गोळीबाराची चीड नाही असे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हुकुमाने झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब आपण अजून मांडतो आणि हुतात्म्यांपुढे अजून नतमस्तक होतो. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात दहा माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली, २०११ च्या ऑगस्टात आपल्याच जिल्ह्यात मावळात तीन शेतकरी मेले. दोन्ही वेळा चौकशी आयोग बसले, विधानसभा गाजली, मोर्चे निघाले. बरोबरच झाले. परंतु हे सारे हुकुमाने झाडलेल्या गोळीविषयी. जी गोळी हुकुमावाचून, कारणावाचून, रागावाचून जाते, तिच्याविषयी आपण एक अक्षर बोलत नाही. ती भिंतीत शिरली तर गिलावा होतो, पायात शिरली तर रजा मंजूर होते. हुकुमाची गोळी निदान कोणीतरी विचार करून, चूक की बरोबर, पण विचार करून झाडलेली असते. ही गोळी कोणीच विचार न करता झाडलेली असते, आणि तिलाच आपण माफी देतो!

कायद्याने ही माफी दिलेली नाही, हेही सांगून ठेवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १८ व्या कलमात अपघाताला सूट आहे, पण कोणत्या? कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने आणि योग्य ती काळजी व सावधगिरी घेऊन चालले असताना घडलेल्या अपघाताला. जुन्या दंड संहितेच्या ८० व्या कलमातही हेच होते. काळजी घेतली नसेल तर तो अपघात नव्हे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याला कर्ता ठाऊक आहे. विसरतो तो आपल्याला.

आता दुसऱ्या बाजूने ओरड होईल : म्हणजे गरीब शिपायाला फासावर द्या म्हणता! नाही. असे म्हणत असतो तर मी सातवीला व्याकरण शिकवायच्या लायकीचा राहिलो नसतो. कर्ता शोधायचा म्हणजे जो जवळ सापडेल त्याला धरायचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धातली स्टेनगन नुसती खाली पडली तरी उडत असे. जुन्या तऱ्हेच्या रिव्हॉल्व्हरांचा घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असला तर पडल्यावर तोच प्रकार. अशा वेळी चापावर कोणाचेच बोट नसते. मग कर्ता नाही काय? आहे; तो लांब कचेरीत बसलेला आहे. ज्याने असले हत्यार अजून वापरात ठेवले, ज्याने सरावाला काडतुसे दिली नाहीत, ज्याने सरावाच्या दिवशी माणसाला सभेच्या बंदोबस्ताला पिटाळले, तो कर्ता. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने काडतुसांच्या तुटवड्यावर आणि थांबलेल्या सरावावर बोट ठेवले होते. बारा-बारा तास उभा राहिलेला, झोप न झालेला शिपाई रात्री हत्यार परत करायला येतो, तेव्हा त्याच्या बोटाला दोष देण्याआधी त्याच्या ड्यूटीचा तक्ता पाहावा. नुसत्या निलंबनाने एवढेच होते की पुढच्या वेळी भिंतीतली गोळी कोणी सांगत नाही. खिळा ठोकून तिच्यावर कॅलेंडर लावले जाते.

तेव्हा मागणी काय? चारच आहेत, आणि चारही स्वस्त आहेत.

पहिली. जेफ कूपर नावाच्या एका अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्याने १९७६ साली ॲरिझोनात नेमबाजीची शाळा काढली. त्याच्या चार नियमांवर पुढे जगभर शिकवणी झाली. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. ज्याला मारायचे नाही त्याच्याकडे नळी करू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नका. नेमाच्या मागे काय आहे ते पाहा. चार ओळी आहेत. प्रत्येक ठाण्यात, हत्यारे ठेवण्याच्या खोलीच्या दारावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत रंगवा. रंगाचा खर्च आमची शाळा देईल.

दुसरी. हत्यार भरण्या-उतरवण्यासाठी प्रत्येक ठाण्यात वाळूचा पिंप ठेवा. नळीचे तोंड वाळूकडे करूनच हत्यार रिकामे करायचे. चुकून बार झाला तर तो वाळूत जिरतो. फौजी छावण्यांत ही सोय असते. वाळू कुठून आणायची, असे निदान इंदापुरात तरी कोणी विचारू नये! भीमेची वाळू चोरताना पकडलेले ट्रक सरकारदारी उभे असतात. त्यांतली चार पाट्या पुरे.

तिसरी. सराव. वर्षाकाठी एकदा लक्ष्यावर गोळ्या झाडल्या म्हणजे सराव झाला नाही. त्या वेळी माणूस सावध असतोच. घात होतो तो साफ करताना, देताना-घेताना, जमा करताना. त्याचा सराव नकली काडतुसांवर रोज पाच मिनिटे करता येतो. खरी गोळी एकही खर्च होत नाही. आणि खऱ्या सरावाला साधन नाही म्हणावे, तर आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. दौंडला राखीव पोलिसांचे दोन गट, नानवीजला त्यांचे प्रशिक्षण केंद्र. बारामतीजवळ बऱ्हाणपूरला २०२४ साली पोलिसांचे उपमुख्यालय उभे राहिले. काडतुसे घडवणारे हात, शिकवणारे गुरू आणि जागा, तिन्ही एका दिवसाच्या वाटेवर आहेत. उणीव आहे ती फक्त इच्छेची.

चौथी, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोजा. हुकुमावाचून गेलेली प्रत्येक गोळी, मग ती छातीत शिरो की छतात, वहीत लिहा, आणि वर्षाअखेर ती वही जनतेसमोर उघडा. न्यूयॉर्कचे पोलीस खाते दरवर्षी आपल्या प्रत्येक गोळीचा अहवाल छापते. त्यात अनवधानाने उडालेल्या गोळ्यांचे निराळे प्रकरण असते. छापल्याने त्या खात्याची अब्रू गेली नाही. आपल्याकडे नियम असा करावा : जो सांगेल त्याला शिकवा, जो लपवील त्याला शिक्षा करा, आणि जिथे माणूस जखमी झाला वा मेला तिथे कायदा वरपासून खालपर्यंत सर्वांना सारखा लावा.

वर्तमानपत्रांना माझी निराळी विनंती आहे. ‘सुटली’ आणि ‘मिसफायर’ हे दोन शब्द कृपा करून टाकून द्या. ‘पिस्तूल रिकामे आहे की नाही हे न पाहता चाप ओढल्याने’ असे लिहा. ओळ लांबेल, लांबू द्या.

सातवीतला तो मुलगा आता मोठा झाला आहे. बापाबरोबर विहिरीवर न जाता पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे निरा कालव्याच्या कडेने पळताना दिसतो. तो भरती झाला तर सरकार त्याच्या हाती बंदूक देईल. त्याला जे बापाकडून आयते मिळाले आहे ते खात्याने त्याच्या अंगी टिकू द्यावे, वरिष्ठापुढे हसे होईल म्हणून गिळायला लावू नये, एवढेच माझे मागणे आहे. आणि वाचकहो, तुम्ही कधी पासपोर्टसाठी, कधी तक्रारीसाठी ठाण्यात जाल. टेबलावर कोणी पिस्तूल काढले तर माझ्यासारखे भिडेने गप्प राहू नका. नळीच्या समोरून बाजूला व्हा आणि मोठ्याने विचारा :

‘साहेब, आत बघितलं का?’